दाबाचा काटा आणि संकोचाचें प्रमाण

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील शास्त्राचा तास संपल्यावर आम्हांस भेटावयास आले. पांचगणीच्या बाजूस त्यांचा स्ट्रॉबेरीचा लहानसा मळा आहे, आणि मळ्यांतील माल पसरणीच्या घाटानें वाईस उतरविण्यासाठीं त्यांच्या वडिलांच्या वेळची एक जुनी विलीज जीप त्यांनीं अद्याप जपून ठेविली आहे. ही जीप परत येतांना घाटांत दम टाकूं लागली, तेव्हां त्यांनीं ती एका मेस्त्रींना दाखविली. मेस्त्रींनीं चार सिलिंडरांचे स्पार्क प्लग एकामागून एक काढून तेथें दाबमापक लावला व स्टार्टरनें इंजिन फिरविलें. आंकडे निघाले ते ८०, ७८, ८२ आणि ७६. मेस्त्रींच्या वहींत अशा इंजिनाचा आंकडा ११० लिहिलेला होता. त्यांनीं तेथेंच त्रैराशिक मांडलें आणि सांगितलें, "साहेब, हिचें कॉम्प्रेशन साडेसहाचें साडेचारांवर आलें आहे. सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन घातल्याशिवाय गत्यंतर नाहीं."

या कामास जो खर्च येणार होता तो थोरल्या मुलीच्या कॉलेजासाठीं बाजूस ठेविलेल्या पैशांतून करावा लागणार होता; आणि हंगाम तर तोंडावर आलेला. इकडे आमच्या विद्यार्थ्यानें वहींत दुसरेंच गणित करून वडिलांस सांगितलें होतें कीं इंजिनास कांहींएक झालेलें नाहीं, ८० हाच आंकडा बरोबर आहे. पित्यानें कोणाचें ऐकावें? मेस्त्रींचा हात या धंद्यांत वीस वर्षें चाललेला, आणि मुलाचें गणित दिसावयास बिनचूक. आम्हीं दोन्ही गणितें पाहिलीं. दोन्ही चुकलेलीं होतीं, व चूक कोठें आहे हें पाहण्यासारखें असल्यामुळें तो प्रकार येथें थोडा विस्तारानें सांगतों.

कारखान्यांत ज्यास कॉम्प्रेशन रेशो म्हणतात त्यास आपण संकोच-प्रमाण म्हणूं. सिलिंडरमध्यें दट्ट्या, म्हणजेच पिस्टन, खालीं असतांना त्याच्या वर जितकी जागा असते तिला, दट्ट्या माथ्यावर गेल्यानंतर उरणाऱ्या जागेनें भागिलें म्हणजे हें प्रमाण मिळतें. विलीज जीपच्या जुन्या इंजिनांत सिलिंडरचा व्यास ३⅛ इंच आणि दट्ट्याची धांव ४⅜ इंच आहे. यावरून एका धांवेंत दट्ट्या जी जागा व्यापतो ती जवळजवळ ५५० घन सेंटिमीटर भरते. (विद्यार्थ्यांनीं हें स्वतः पडताळून पाहावें, इंचांचे सेंटिमीटर करण्यास मात्र विसरूं नये.) दट्ट्या माथ्यावर असतांना वर उरणारी पोकळी सुमारें १०० घन सेंटिमीटर आहे. म्हणजे ६५० घन सेंटिमीटर हवा १०० मध्यें कोंबली जाते. कारखानदारांनीं दिलेलें प्रमाण ६.४८ आहे, तें याच्याशीं चांगलें जुळतें.

येथें एक गोष्ट लक्षांत यावी. हें प्रमाण केवळ लांबी-रुंदीचें आहे. त्यांत दाब नाहीं, उष्णता नाहीं, कीं इंजिनाचें वयही नाहीं. तें लोखंडांत ओतलेलें आहे. दट्ट्याच्या रिंगा झिजल्या, झडपा गळूं लागल्या, तरी ६.४८ चें साडेचार होत नाहीं. शेराचें माप फुटकें झालें म्हणून कांहीं तें अच्छेराचें माप होत नाहीं. त्यांत दूध टिकत नाहीं, इतकेंच. उलट, इंजिन जुनें झालें व माथ्याच्या पोकळींत काजळीचा थर बसला तर ती पोकळी लहान होऊन प्रमाण थोडें वाढतें! तेव्हां मेस्त्रींचें "साडेचारांवर आलें" हें वाक्य शब्दशः घेतां येत नाहीं. दाब कमी भरला हें खरें. परंतु कमी दाबावरून कमी प्रमाण काढणें हें सरळ त्रैराशिकाचें काम नव्हे.

आतां मुलाचें गणित पाहूं. रॉबर्ट बॉइल यानें १६६२ सालीं प्रसिद्ध केलेला नियम आमच्या वरच्या वर्गांतील मुलांस पाठ असतो. हवेचें आकारमान निम्मे केलें कीं दाब दुप्पट होतो. समुद्रसपाटीस वातावरणाचा दाब दर चौरस इंचास १४.७ पौंड असतो. तो ६.४८ पट केला म्हणजे सुमारें ९५ पौंड झाले. परंतु मेस्त्रींचा दाबमापक उघड्या हवेंत शून्य दाखवितो. तो फक्त वातावरणाहून अधिक असलेला दाब मोजतो. म्हणून ९५ मधून १४.७ वजा केले पाहिजेत, राहिले ८०. जीपचे आंकडेही ८० च्या आसपासच होते. येथपर्यंत मुलानें कोठेंही घाई केलेली नव्हती, आणि वातावरणाचा दाब वजा करण्याची आठवण ठेवल्याबद्दल आम्हीं त्याची पाठ थोपटली. पुष्कळ मोठीं माणसें तेथें चुकतात.

पण उत्तर जुळलें म्हणून रीत बरोबर ठरत नाहीं. बॉइलचा नियम हवेचें उष्णमान स्थिर राहील तरच लागू पडतो. सायकलच्या पंपाचें तोंड अंगठ्यानें दाबून धरून चार-सहा हिसके द्यावे, म्हणजे पंपाचा खालचा भाग हातास ऊन लागतो. त्यांतील कांहीं ऊब घर्षणाची असते, परंतु बरीचशी हवेच्या संकोचाचीच असते. हवा दाबण्यासाठीं केलेलें काम उष्णतेच्या रूपानें तिच्यांतच राहतें, आणि तापलेली हवा थंड हवेपेक्षां अधिक जोरानें भिंतींस रेटते.

हीच चूक आमच्या विद्यार्थ्याहून फार थोर अशा पुरुषाकडून झालेली आहे, हें सांगून आम्हीं त्याचें समाधान केलें. न्यूटननें १६८७ च्या आपल्या ग्रंथांत ध्वनीचा वेग गणितानें काढला, तो प्रत्यक्षापेक्षां सुमारें सहाव्या हिश्शानें कमी आला. ध्वनीच्या लाटेंत हवा दाबली जाते तेव्हां ती तापते, व ती उष्णता बाहेर जाण्यास अवकाशच मिळत नाहीं, ही गोष्ट त्यानें हिशेबांत घेतली नव्हती. ती दुरुस्ती १८१६ मध्यें लाप्लास या फ्रेंच गणितज्ञानें केली. उष्णता मुळींच बाहेर जाऊं दिली नाहीं तर दाब संकोच-प्रमाणाच्या पटीनें न वाढतां त्या प्रमाणाच्या १.४ व्या घाताच्या पटीनें वाढतो. लॉगॅरिथमचें कोष्टक काढून पाहिल्यास ६.४८ चा १.४ वा घात सुमारें १३.७ येतो. त्यास १४.७ नें गुणिलें तर २०१, आणि वातावरण वजा केलें तर १८६ पौंड!

म्हणजे मुलाच्या रीतीनें ८० आणि लाप्लासच्या रीतीनें १८६. मेस्त्रींच्या वहींतले ११० या दोहोंच्या मध्यें कोठेंतरी पडतात. तेथें ते कां पडतात हें समजण्यास इंजिनाच्या पोटांत आणखी थोडें डोकावलें पाहिजे.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं दट्ट्या तळाशीं पोंचला कीं हवा आंत घेणारी झडप मिटते व संकोचास आरंभ होतो. तसें नसतें. या जीपच्या इंजिनांत दट्ट्या तळ सोडून वर निघाल्यावर क्रँक सुमारें ५० अंश फिरेपर्यंत ती झडप उघडीच असते. इंजिन भरधांव चालू असतांना आंत येणाऱ्या हवेस वेग असतो. दट्ट्या वर वळला तरी ती आपल्या झोंकानें आंत शिरतच राहते, म्हणून कारखानदारांनीं तिच्यासाठीं दार मुद्दाम उघडें ठेविलेलें असतें. पण चांचणीच्या वेळीं स्टार्टर इंजिनास मिनिटाला दीड-दोनशें फेरेच देतो. त्या मंद गतींत हवेस झोंक कोठला? दट्ट्या वर येऊं लागतांच कांहीं हवा आल्या वाटेनें परत बाहेर ढकलली जाते. झडप मिटेपर्यंत दट्ट्याची सातवा हिस्सा धांव अशी फुकट गेलेली असते. उरलेल्या सहा-सप्तमांश धांवेची जागा ४७१ घन सेंटिमीटर, तींत माथ्यावरची १०० मिळविली म्हणजे ५७१. तेव्हां चांचणीपुरता खरा संकोच ५.७ पट झाला, ६.४८ पट नव्हे.

या एका कारणावरूनच दाबाच्या आंकड्यावरून संकोच-प्रमाण ओळखूं पाहणें किती फसवें आहे हें दिसून येईल. दोन इंजिनांचें प्रमाण अगदीं एकच असेल, पण एकाची झडप ४० अंशांवर मिटत असेल आणि दुसऱ्याची ७० अंशांवर, तर दुसऱ्याचा काटा बराच खालीं राहील. शर्यतीच्या मोटारींचें प्रमाण मोठें असतें. तरीही झडपा फार उशिरां मिटत असल्यामुळें त्यांचा चांचणींतील दाब पुष्कळदां अपेक्षेपेक्षां कमी भरतो.

५.७ धरून लाप्लासच्या रीतीनें १५३ पौंड येतात. प्रत्यक्षांत तेवढेही येत नाहींत. दट्ट्या इतका सावकाश वर येतो कीं तापलेल्या हवेंतील बरीच उष्णता सिलिंडरच्या भिंती शोषून घेतात, आणि नवीन इंजिनांतही रिंगांच्या फटींतून थोडी हवा निसटतेच. म्हणून १.४ ऐवजीं १.२ ते १.३ हा घात धरला तर हिशेब वस्तुस्थितीस धरून होतो. त्या घातांनीं १०४ आणि १२६ हे आंकडे मिळतात. मेस्त्रींच्या वहींतील ११० त्यांच्यामध्यें सुखानें बसतात. वहीचा आंकडा खोटा नव्हता. तो कोणत्या परिस्थितींत लिहिला गेला होता एवढेंच त्या वहींत लिहिलेलें नव्हतें.

आतां राहिला प्रश्न जीपचा. ११० च्या जागीं ७९ कां? आम्हीं मेस्त्रींनाच शाळेंत येण्याची विनंति केली, आणि ते आपलाच दाबमापक घेऊन आले, याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत. मिशन बंगल्याच्या मागील पडवींत अकरावीचीं सात-आठ मुलें वह्या घेऊन उभीं राहिलीं. मेस्त्रींनीं पहिली चांचणी कशी केली होती हें त्यांना विचारून घेतलें. इंजिन गार होतें. एका वेळीं एकच प्लग काढला होता. बॅटरी अशक्त होती, त्यामुळें स्टार्टर रडत-रडत फिरत होता. आणि ॲक्सिलरेटर कोणी दाबून धरला नव्हता. ही शेवटची गोष्ट दिसते त्याहून महत्त्वाची आहे. ॲक्सिलरेटर न दाबल्यास कार्ब्युरेटरमधील थ्रॉटलची पाकळी मिटलेली राहते व सिलिंडरांत पुरेशी हवा शिरतच नाहीं. हवाच आंत आली नाहीं तर दाबणार काय?

दुसऱ्या चांचणीस इंजिन अर्धा तास चालवून तापवून घेतलें, बॅटरी भरलेली बसविली, चारही प्लग काढले, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबण्यास एका मुलास बसविलें, आणि दर सिलिंडरास मोजून सहा उसळ्या दिल्या. आंकडे आले ९४, ९२, ९५ आणि ९०. पहिल्या आंकड्यांहून तेरा-चौदा पौंडांची वाढ, आणि तीही एक स्क्रू न बदलतां.

तरी ११० झाले नाहींत. "पाहा, कमीच आहे," असें मेस्त्री म्हणाले, आणि तें बरोबरच होतें. येथें भूगोलाच्या तासाचा उपयोग झाला. पांचगणी समुद्रसपाटीपासून सुमारें १,३०० मीटर उंच आहे. इतक्या उंचीवर वातावरणाचा दाब १४.७ नसून साधारण १२.६ पौंड असतो. सिलिंडर ज्या हवेनें भरावयाचा तीच मुळांत विरळ. आरंभींचा दाब ज्या प्रमाणांत कमी, त्याच प्रमाणांत शेवटचा दाबही कमी. आणि दाबमापकाचें शून्यही त्याच विरळ हवेशीं बांधलेलें असल्यामुळें काटाही त्याच हिशेबानें खालीं येतो. येथें मात्र मेस्त्रींचें आवडतें त्रैराशिक लागू पडतें! १४.७ स ११०, तर १२.६ स किती? उत्तर ९४. मुलांनीं तें मेस्त्रींच्या आधींच ओरडून सांगितलें.

एवढ्यावर आम्ही थांबलों नाहीं, कारण दुसऱ्याच्या पैशाचा प्रश्न होता. चौथ्या सिलिंडराचा आंकडा सर्वांत कमी, ९०. त्यांत प्लगच्या भोंकांतून चमचाभर इंजिन-तेल सोडून पुन्हां मापलें. रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलानें फटी बुजून काटा एकदम पुष्कळ वर चढला असता. तो ९० चा ९३ झाला, यापलीकडे नाहीं. झडप गळत असेल तर तेलानें विशेष फरक पडत नाहीं, हें खरें. परंतु मग त्या सिलिंडराचा आंकडा शेजाऱ्यांच्या मानानें फारच खालीं गेलेला दिसतो. सर्वांत लहान आंकडा सर्वांत मोठ्या आंकड्याच्या तीन-चतुर्थांशापेक्षां खालीं जाऊं नये असा एक नियम बरेच कारागीर पाळतात. ९५ चे तीन-चतुर्थांश ७१ होतात. आमचे ९० त्याच्या कितीतरी वर होते. सिलिंडरांची आपसांत तुलना करणें हाच या चांचणीचा खरा उपयोग आहे, कारण उंची, बॅटरी, झडपांची वेळ हीं सर्व चौघांस सारखींच असतात.

संकोच-प्रमाणच पाहावयाचें असेल तर त्याची वाट निराळी आहे, व ती रसायनशाळेंतून जाते. पहिल्या सिलिंडराचा दट्ट्या दोन्ही झडपा मिटलेल्या असतांना बरोबर माथ्यावर आणला, जीप किंचित कलती करून प्लगचें भोंक वरच्या अंगास घेतलें, आणि ब्युरेटमधून जाडें तेल सोडून पोकळी कांठोकांठ भरली. पातळ तेल वापरलें असतें तर मापतां मापतां रिंगांतून खालीं झिरपलें असतें. ९८ घन सेंटिमीटर तेल मावलें. म्हणजे ६४८ भागिलें ९८, प्रमाण ६.६. कारखानदारांच्या आंकड्याहून जें थोडें अधिक आलें तें काजळीचें, किंवा कोपऱ्यांत अडकलेल्या एखाद्या बुडबुड्याचें. साडेचारांचें नांवही निघालें नाहीं.

जुनी गाडी विकत घेऊं इच्छिणाऱ्या पालकांस येथें एक सूचना करून ठेवतों. विकणारा मोठ्या डौलानें "पाहा, दाब नव्या गाडीहून जास्त" असें दाखवूं लागला तर अधिक सावध व्हावें. सिलिंडरांत आधींच तेल सोडलेलें असल्यास अथवा काजळीचा जाड थर बसलेला असल्यास काटा वर चढतो, आणि हीं दोन्ही निरोगी इंजिनाचीं लक्षणें नव्हेत. तसेंच पेट्रोलच्या इंजिनाचा दाबमापक डिझेलच्या इंजिनास लावूं नये. तेथें संकोच-प्रमाणच पंधराच्या वर असतें. हवा केवळ दाबानें इतकी तापवावयाची असते कीं आंत सोडलेलें तेल ठिणगीवांचून पेटावें. लहान दाबमापक तेथें मोडेल, आणि जवळ वांकून पाहणाऱ्याच्या तोंडावर मोडेल.

मग जीप घाटांत दमत कां होती? उंचीमुळें थोडी शक्ति कमी होते, पण ती तर आजोबांच्या वेळेसही कमी होत असली पाहिजे. दोष डिस्ट्रिब्यूटरमध्यें निघाला. तेथील पॉइंटांची फट झिजून अरुंद झाली होती, त्यामुळें ठिणगी नेमक्या वेळेनंतर पडत होती आणि दट्ट्या खालीं निघून गेल्यावर त्यास मागून धक्का बसत होता. हा दोष मेस्त्रींनींच शोधून काढला, पाव तासांत दुरुस्त केला, व त्याबद्दल अगदीं थोडे पैसे घेतले.

पित्याच्या मनांत तरीही थोडी शंका राहिली होती, व ती राहणें स्वाभाविक होतें. म्हणून जीप वाईस उतरण्यापूर्वीं मुलांनीं एक भाकित फळ्यावर लिहिलें. वाई सुमारें ७०० मीटर उंचीवर आहे, तेथें हवेचा दाब साधारण साडेतेरा पौंड. तेव्हां इंजिनास हातही न लावतां चार सिलिंडरांचे आंकडे १०१, ९९, १०२ व ९६ यावेत. दुसऱ्या दिवशीं माल उतरविल्यावर वाईच्या बाजारापाशींच मेस्त्रींनीं त्याच दाबमापकानें चांचणी घेतली आणि आंकडे आमच्याकडे कळविले: १००, ९८, १०२, ९५. मग त्यांनीं आपली वही उघडून ११० या आंकड्यापुढें "मुंबई" असें लिहिलें, व त्याच्या खालीं दोन नव्या ओळी घातल्या: वाई १०१, पांचगणी ९४.